एका दिवसाची मुंबई

सोमवारी मुंबईत उतरलेल्या पाहुण्याला घारापुरी दाखवता येत नाही, कारण लेण्यांना त्या दिवशी सुट्टी असते. कान्हेरीही नाही, कारण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं फाटकच बंद. वरळीचं नेहरू तारांगणही सोमवारचंच बंद. मग पाहुण्याला बुधवारी बोलवावं, तर राणीची बाग आणि तिच्या शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. हाजी अलीच्या वाटेवर भरतीचं पाणी चढतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की गेटवेच्या लाँच जागच्या हलत नाहीत. 'मुंबई दर्शन'च्या गाड्या चालवणाऱ्यांना हे सगळं पंचांगासारखं पाठ असतं. शहर दाखवायला निघण्याआधी शहराच्या सुट्ट्या ठाऊक असाव्या लागतात.

मराठीत 'जिवाची मुंबई' करता येते. जिवाचं पुणं किंवा जिवाचं नागपूर कुणी करत नाही. गाठीला चार पैसे बांधून यावं, हौस भागेपर्यंत हिंडावं आणि परतीची गाडी पकडावी, हा सगळा बेत त्या दोन शब्दांत मावतो. त्या हिंडण्याची यादी मात्र कुणी एकट्यानं बसून ठरवलेली नाही. माणूस कुठल्या वाटेनं शहरात उतरला, त्याच्या हाताशी किती तास होते आणि दाखवणाऱ्याला काय मिरवायचं होतं, यावर ती ठरत आली. म्हणूनच पाहुण्याला दाखवलेली मुंबई दर पिढीला वेगळी निघाली.

यातली सर्वांत जुनी सहल घारापुरीची. मुंबई हे शहर होण्याच्या कितीतरी आधीपासून परदेशी माणसं होडीत बसून या बेटावर जात होती. पोर्तुगीज दर्यावर्दी आणि पुढे व्हाइसरॉय झालेला जुआंव द कास्त्रो १५३८ साली तिथं जाऊन आला. ज्याला मुंबई बेटच पट्ट्यानं मिळालं होतं, त्या गार्सिया द ऑर्तानं १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात या लेण्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. किनाऱ्यावर उतरताच दिसणाऱ्या भल्यामोठ्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हणायला सुरुवात केली.

हत्तीचं नशीब मात्र फार बरं नव्हतं. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं कोसळलं, पुढे धडही ढासळलं. १८६४ साली ते तुकडे इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना यारी मोडली आणि बेत बारगळला. मग तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. बेट राहिलं समुद्रात आणि त्याला नाव देणारा हत्ती येऊन राहिला भायखळ्यात.

घारापुरीची सहल किती थाटाची असू शकते याचा नमुना १८७५ सालचा आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, मुंबईत आले. त्यांच्यासाठी चक्क लेण्यात मेजवानी मांडली गेली. दिव्यांच्या उजेडात, त्रिमूर्तीच्या सान्निध्यात साहेबलोकांची पंगत बसली. त्या लेण्यांच्या बेटावर राहणाऱ्या गावकऱ्यांच्या घरात मात्र कायमची वीज यायला २०१८ साल उजाडावं लागलं.

युवराजांचा लवाजमा सोडला, तरी त्या काळी मुंबई बघणारा साहेब हा मुळात मुंबईसाठी आलेला नसे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्येच सुरू झाली होती आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. विलायतेहून येणारा माणूस आता मुंबईत बोटीतून उतरे आणि आगगाडीनं पुढे आग्र्याला, दिल्लीला, कलकत्त्याला जाई. बोट आणि आगगाडी यांच्यामध्ये एखादा दिवस, फार तर दोन, रिकामे पडत. मुंबईदर्शनाची पहिली बांधीव यादी या रिकाम्या वेळातून जन्मली.

मागणी आली तशी पुस्तकंही आली. लंडनच्या जॉन मरे यांच्या प्रवासी मार्गदर्शकमालेत मुंबई इलाख्याचा भाग १८५९ मध्येच निघाला होता. 'बॉम्बे गॅझेट'चे संपादक जे. एम. मॅक्लीन यांनी १८७५ मध्ये शहराचं स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तक काढलं. १८८१ मध्ये थॉमस कुक कंपनीनं मुंबईत कचेरी थाटली. तिकीट, हॉटेल, गाडी, बोट असं सारं एका खिडकीवर देण्याची तिची पद्धत इथंही रुजली. त्याच दशकात हजयात्रेकरूंच्या जहाजप्रवासाची व्यवस्थाही सरकारनं काही वर्षं याच कंपनीकडे सोपवली होती. एकाच शहरातून एकच कंपनी साहेबाला ताजमहालाकडे आणि यात्रेकरूला मक्केकडे रवाना करत होती.

साहेबाच्या यादीत काय असे? किल्ल्याचा तट पाडल्यावर उभ्या राहिलेल्या गॉथिक इमारती. १८६९ मध्ये बांधून झालेलं क्रॉफर्ड मार्केट, ज्याच्या दारावरची शिल्पं रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांच्या देखरेखीखाली घडली. संध्याकाळी मलबार हिलवरून दिसणारा समुद्र. शिवाय, आजच्या वाचकाला दचकवणारी एक गोष्ट: पारशी समाजाचा दखमा, म्हणजे मृतांना निरोप देण्याची जागा. पारशी पंचायतीची परवानगी घेऊन पाहुणे त्या आवारात ठरावीक अंतरापर्यंत जाऊ शकत. आतली रचना कळावी म्हणून तिची छोटी प्रतिकृती दाखवली जाई. आज त्या झाडीत परक्या माणसाला प्रवेश नाही.

जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईत आला आणि काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात उतरला. खोकल्यानं बेजार झाल्यामुळे त्याचा बराच वेळ खोलीतच गेला. तरी त्यानं दखमा पाहिला, मलबार पॉइंटला जाऊन आला आणि १८९७ च्या 'फॉलोइंग द इक्वेटर' या प्रवासवर्णनात हॉटेलच्या सज्जातल्या कावळ्यांवर पानं खर्च केली. यादीत नसलेली मुंबई त्याला हॉटेलच्या सज्जातच भेटली. १८९६ च्याच ७ जुलैला याच हॉटेलात ल्युमिए बंधूंचा सिनेमा दाखवला गेला आणि भारतात चलच्चित्र पहिल्यांदा पडद्यावर हललं. वॉटसनची ती ओतीव लोखंडाची इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन नावानं मोडकळीला येऊन उभी आहे. एकेकाळी पाहुणे तिच्यात उतरत. आता ते समोरच्या पदपथावर थांबून तिच्याकडे माना वर करून पाहतात.

साहेबाची मुंबई अशी बोटीतून उतरत होती, त्याच काळात मराठी माणसाची मुंबई वेगळ्या वाटेनं आकार घेत होती. मूळचे मडगावचे, पेशानं शिक्षक असलेले गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ मध्ये 'मुंबईचे वर्णन' लिहिलं. या शहरावरचं हे पहिलं मोठं मराठी पुस्तक. पुढे १८८९ मध्ये आचार्य आणि शिंगणे या जोडीनं 'मुंबईचा वृत्तांत' छापला. मरेचं पुस्तक घाईतल्या वाटसरूसाठी होतं. ही पुस्तकं जिथं आपली माणसं पोटासाठी गेली ते गाव नीट समजून घेणाऱ्यांसाठी होती.

मराठी पाहुण्याला हॉटेल लागत नसे. गिरगावातल्या चाळीत काका असायचा, नाहीतर परळ-लालबागच्या गिरणगावात गावातलाच कुणी गाळा धरून राहिलेला असायचा. पथारी गॅलरीत पडायची आणि 'गाइड' म्हणजे रविवारची सुट्टी असलेला चुलतभाऊ. खिसा बेताचा असल्यामुळे फुकट किंवा जवळपास फुकट काय दिसेल, यावर यादी बने. त्यात राणीची बाग पहिल्या नंबरावर. भायखळ्याची ही बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली, १८७२ मध्ये शेजारचं संग्रहालय उघडलं, १८९० च्या सुमारास प्राणी आले. पाटी 'व्हिक्टोरिया गार्डन्स'ची होती, पण लोकांनी तिला राणीची बागच म्हटलं. जिजामाता उद्यान असं नाव होऊनही रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून तेच आहे.

दुसरी चैन ट्रामची. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक वाट कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई, तर दुसरी बोरीबंदराहून काळबादेवीवरून. भाडं सुरुवातीला तीन आणे होतं, ते लवकरच दोनवर आलं. १९०५ मध्ये घोडे गेले, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली ट्रामही धावू लागली. गावाहून आलेल्या माणसाला ट्राम हे वाहन होतं तसंच प्रेक्षणीय स्थळही होतं. वरच्या मजल्यावर खिडकीशी जागा मिळाली की पेढ्या, बाजार, देवळं, मशिदी, पाट्या सगळं आपोआप डोळ्यांपुढून सरकत जाई. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली तेव्हा मुंबईचं सर्वांत स्वस्त दर्शनही तिच्याबरोबर संपलं. १९३७ पासून धावणाऱ्या बेस्टच्या दुमजली बसनं तो वसा पुढे चालवला.

आज मुंबई म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते गेटवे ऑफ इंडिया या यादीत फार उशिरा आलं. २ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले तेव्हा कमान नव्हतीच. स्वागताला तात्पुरता मंडप होता. पायाचा दगड मार्च १९१३ मध्ये बसला, आराखडा जॉर्ज विटेटचा, आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. कमानीसमोर सरळ भव्य रस्ता काढायचं ठरलं होतं, पण तेवढे पैसे उरले नाहीत. म्हणून आजही शहरातून येणारा रस्ता गेटवेला तिरका येऊन मिळतो. राजाच्या स्वागतासाठी बांधलेल्या या दारातून २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण बाहेर पडली. मग दार पाहुण्यांच्या हाती आलं. घारापुरीच्या लाँच, कबुतरांना दाणे, मिनिटात हातात फोटो देणारे छायाचित्रकार आणि पाठीमागे १९०३ पासून उभं असलेलं ताज.

मुंबईचा पाहुणा मुंबईतच थांबत नसे. समुद्र आणि सह्याद्री दोन्ही हाताशी असल्यानं सकाळी निघून रात्री परतण्याच्या सहली इथं आधीपासून होत्या. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरान 'शोधलं', असं इंग्रजी पुस्तकं सांगतात. डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांना ते आधीपासूनच माहीत होतं. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबानं नेरळहून दोन फुटी रुळांची छोटी गाडी वर नेली आणि मुंबईकराला थंड हवा एका दिवसाच्या टप्प्यात आली. साष्टीत विहार तलाव आणि कान्हेरी, तर साष्टीपलीकडे चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला वसईचा किल्ला अशा सहली निघत.

समुद्रापलीकडे रेवस, मांडवा, अलिबाग. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींवर कोकणची निम्मी वर्दळ चाले. या वाटेनं मोठा घावही दिला. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली, तेव्हा जुन्या मंडळींना 'रामदास'च आठवली. आता गेटवेवर लाँच सुटण्याआधी अंगात जीवरक्षक जाकीट घालावं लागतं. मांडव्याला २०२० पासून मोटार चढवून नेणारी रो-रो जाते.

स्वातंत्र्यानंतर यादीत नवी भर पडली, ती शाळेच्या सहलीची. १९४८ मध्ये सुरू झालेली एसटी हळूहळू गावोगावी पोचली आणि जळगाव-साताऱ्याकडची पोरं मास्तरांबरोबर लाल गाडीत बसून मुंबईला येऊ लागली. या पोरांना काय दाखवायचं याचं उत्तरही नव्या सरकारनं तयार ठेवलं. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. १९५२ मध्ये मलबार हिलवर कमला नेहरू पार्क झालं आणि त्यातला 'म्हातारीचा बूट' मराठी शाळांच्या निबंधांत कायमचा जाऊन बसला. तो बूट एका इंग्रजी बालगीतातला आहे याची त्यात चढणाऱ्या पोरांना फिकीर नव्हती. १९७७ मध्ये तारांगण आणि १९८५ मध्ये नेहरू विज्ञान केंद्र आलं. साहेबाच्या यादीत प्राचीनता आणि विस्मय होता. आता मासे, तारे आणि विज्ञान आलं. नवा देश आपल्या मुलांना उद्याचं जग दाखवू पाहत होता.

याच सुमारास शहरात यायची दिशाही पालटली. बोटीची जागा विमानानं घेतली आणि साहेब आता बॅलार्ड पिअरऐवजी सांताक्रूझला उतरू लागला. रेल्वेनं येणारी मराठी माणसं दादरला उतरत. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालं, 'मुंबई दर्शन' हे शब्द बसच्या पाटीवर रुळले आणि खासगी गाड्या दादर, ठाणे, बोरिवलीहून सुटू लागल्या. आता सकाळी दक्षिणेकडे धावायचं, गेटवे, संग्रहालय, हँगिंग गार्डन, महालक्ष्मी, सिद्धिविनायक करत वर यायचं आणि संध्याकाळी जुहू चौपाटीवर भेळ खाऊन सोडायचं. दर्शनाची बस आणि कचेरीतून सुटलेला मुंबईकर संध्याकाळी एकाच दिशेला एकाच खोळंब्यात अडकतात, ते यामुळे. वांद्रे-जुहूच्या वाटेवर नटांचे बंगले लागतात म्हणून तेही यादीत आले. बंगल्याचं बंद फाटक पाहायला माणसं खिडकीकडे जशी झुकतात, तशी राजाबाई टॉवर पाहायलाही झुकत नाहीत.

या बसची स्वतःची भाषा आहे. 'हा पॉइंट बाहेरूनच', 'इथं वीस मिनिटं', 'गाडी पुढच्या गेटला मिळेल'. वाहन उभं करायला जागा कुठं आहे यावर शहरातलं काय 'आतून' आणि काय 'बाहेरून', हे ठरतं. उच्च न्यायालय, विद्यापीठ, विधानभवन अशा वास्तू पिढ्यान्‌पिढ्या खिडकीतूनच पाहिल्या गेल्या.

या घाईला उतारा म्हणून पायी फिरणं आलं. १९९९ मध्ये आभा बहल आणि ब्रिंदा गाया या दोन वास्तुरचनाकार स्त्रियांनी फोर्ट भागात वारसाफेऱ्या सुरू केल्या. २०१५ मध्ये भरत गोठोसकर यांनी 'खाकी टूर्स' काढली आणि मुंबईकरालाच मुंबईचा पाहुणा केलं. रोजच्या वाटेवरची ओळ ही आर्ट डेको इमारतींची ओळ आहे, हे गिरगावात जन्म काढलेल्या माणसाला पन्नाशीत कळू लागलं. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा ठरल्या तेव्हा फेऱ्यांना आणखी गर्दी झाली.

दुसरीकडे, २००५-०६ च्या सुमारास 'रिॲलिटी टूर्स'नं परदेशी पाहुण्यांना धारावीत न्यायला सुरुवात केली आणि वादाला तोंड फुटलं. गरिबीचं प्रदर्शन मांडता, असा एक पक्ष. कुंभारवाडा, चामड्याचं काम, जुन्या प्लास्टिकचा धंदा ही मेहनत दाखवतो, असा दुसरा. कंपनीनं गट लहान ठेवले आणि फोटो काढायला बंदी केली. 'स्लमडॉग मिलेनियर'नंतर मागणी वाढली आणि वाद तसाच राहिला. त्याच्या मुळाशी मात्र दखम्याइतका जुना प्रश्न आहे: पाहुण्याचं कुतूहल कुणाच्या दारापर्यंत न्यायचं?

काही मुंबई कुणी आखून दिल्याशिवायही पाहिली जाते. दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आलेले बाबासाहेब आंबेडकरांचे लाखो अनुयायी शिवाजी पार्कवर मुक्काम करतात आणि हिंदू कॉलनीतलं राजगृह पाहतात. त्यातले बरेचसे मग बस-लोकलनं गेटवेही गाठतात. चाळीतल्या काकाविना, हॉटेलाविना होणारी ही मुंबईयात्रा आकारानं कुठल्याही कंपनीच्या सहलीहून मोठी आहे.

२०२३ हे वर्ष मुंबई दाखवणाऱ्या वाहनांना जड गेलं. १५ सप्टेंबरला बेस्टची जुनी लाल दुमजली बस थांबली. ५ ऑक्टोबरला वरून उघडी 'नीलांबरी' गेली. १९९७ पासून ती रात्रीच्या रोषणाईतलं दक्षिण मुंबई फिरवून आणत होती. ऑक्टोबर सरताना काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. त्याआधी २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं घोड्यांच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या होत्या आणि २०२१ पासून त्याच घाटाच्या विजेच्या गाड्या मरीन ड्राइव्हवर दिसू लागल्या. २०२५ मध्ये मलबार हिलवर झाडांच्या शेंड्यांतून जाणारी लाकडी वाट उघडली. तिथं जायचं तर आधी ऑनलाइन वेळ राखून ठेवावी लागते. साहेबानं जिथून संध्याकाळचा समुद्र पाहिला, त्याच टेकडीवर आता पाहुणे मोबाइलवरचं तिकीट दाखवून आपल्या पाळीची वाट बघतात.

आणि सोमवारी आलेला पाहुणा? त्याची घारापुरी हुकते. त्याला राणीच्या बागेत नेतात, ती सोमवारी उघडी असते. संग्रहालयाच्या बाजूला, झाडांच्या सावलीत, सांधे जोडलेला तो दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून बेटाला नाव पडलं तो हाच, हे सांगायला बहुधा कुणी थांबत नाही, कारण आत पेंग्विन आहेत आणि पोरं त्याच्या पुढून तिकडे धावत सुटलेली असतात.